पाटकर सरांची उघडी जीप

पाटकर सरांच्या जीपमध्ये बसायचं तर देवळात काढतात तशा चपला बाहेर काढाव्या लागत. पहिल्यांदा बसलो तेव्हा मीही मुकाट्यानं काढल्या आणि पाय आत ठेवला, तर तो थेट जमिनीला टेकला. जीपला तळच नव्हता.

"तळ येईल मागाहून," सर म्हणाले. "शिस्त आधी."

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावकडून येऊन राखोलीच्या एका सूत कारखान्यात लागलो होतो आणि सिल्वासात सर-काकूंच्या शेजारी राहत होतो. सर मूळचे कोकणातले, सरकारी शाळेत इतिहास शिकवायचे. पन्नाशी आली तरी सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. आणि आयुष्यातली पहिली गाडी घेतली ती ही! राखोलीत एका गोदामामागे गवतात रुतून पडलेली. सीटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत सरांनी कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. मग बैलजोडी जुंपून ती घरी आणली. सर स्टिअरिंगवर बसून वळणावळणाला हात बाहेर काढून इशारा देत होते. बैल आपल्या मनानं वळत होते.

गॅरेजवाले रमणभाई बघून म्हणाले, "साहेब, आ गाडी नथी, भंगार छे."

"रमणभाई, किल्ला पडका असला तरी किल्लाच असतो."

सरांची भाषाच ती. गिअरबॉक्स अडकला की "वेढा लांबणार". जुन्या बाजारात पाहिजे तो पार्ट मिळाला की "तह झाला". दर रविवारी बनियनवर जीपखाली शिरायचे; बाहेर नुसते पाय दिसायचे. एकदा कार्बोरेटर काकूंच्या वरणाच्या पातेल्यात रॉकेलमध्ये भिजत पडला होता. त्या दिवशी काकूंनी आम्हा शेजाऱ्यांकडून वाटी वाटी वरण गोळा करून नेलं.

शेवटी तळ बसला आणि एका सकाळी जीप सुरू झाली. सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळा धूर बसला, तरी बायकासुद्धा टाळ्या वाजवत होत्या. रमणभाईंनी शाळेच्या मैदानावर सरांना चालवायला शिकवलं. पण गाडीला हूड, म्हणजे कापडी छत, बसवू असं मी म्हटलं की सर ऐकेनात.

"अहो, ऊन, पाऊस, धूळ..."

"गाडी उघडीच राहील," सर म्हणायचे. विषय संपला.

लायसन्स हातात आल्यावर पहिलाच प्रवास जव्हारचा, काकूंच्या माहेरी. धक्का मारायला माणूस हवा म्हणून मला मागे बसवलं. खानवेलपर्यंत दोन सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. पुढं वळणं सुरू झाली, तसे सर प्रत्येक वळणाला विचारू लागले, "कसं वाटतंय?"

"पुढं बघा," काकू म्हणायच्या.

घाट चढून वर आल्यावर सरांनी गाडी थांबवली. "खरं सांग. कसं वाटतंय?"

काकूंनी पदर सावरला. "भूक लागलीय."

सर इतके हसले, इतके हसले, की मला काही कळेना. काकूंनीच डबा उघडत सांगितलं, "मला बंद गाडी लागते रे. एस.टी.चा नुसता वास आला तरी पोटात ढवळतं. मागे एकदा अर्ध्या वाटेत बेशुद्ध पडले होते, तेव्हापासून माहेर बंद. आई यायची, पण आता तिला अंथरुणावरून उठवत नाही."

जव्हारला दारात गाडी थांबली, तशा काकू अनवाणीच आत धावल्या. मी खाली उतरलो. सर बसूनच होते, स्टिअरिंग घट्ट धरून.

"सर, उतरा की."

"थांब जरा." ते हळू आवाजात म्हणाले, "मला गाडी चालवायची फार भीती वाटते रे. समोरून ट्रक आला की डोळेच मिटावेसे वाटतात."

"काकूंना माहीत आहे?"

"छे! कळलं तर ती पुन्हा बसायची नाही."

आतून म्हातारीचा रडवेला आवाज आला आणि मागोमाग दोघींचं हसू. सरांनी एकेक बोट सोडवत हात मोकळे केले आणि सकाळपासून पहिल्यांदाच पाठ सीटला टेकली.