दगूतात्यांच्या कोकरातले जस्त

आमचे शेजारी दगूतात्या कोकरांना चाटण्यासाठी आणलेली क्षारांची वीट आधी स्वतः चाटून पाहतात. सायखेड्यास मी राहावयास आलो त्याच दिवशी भिंतीपलीकडचे हे दृश्य माझ्या दृष्टीस पडले.

"हा काय प्रकार आहे?" मी दरडावले.

"साहेब, भाजीचं मीठ घरात कोणीतरी चाखून बघतंच ना? तसंच हाय हे," ते म्हणाले आणि पुन्हा चाटू लागले.

जगातील यच्चयावत दोषांचे मूळ, तात्यांच्या मते, क्षारांच्या कमतरतेत आहे. एसटी उशिरा आली, ड्रायव्हरात लोह कमी. सरपंच सभेत पेंगले, त्यांच्यात कोबाल्ट कमी. या दोहोंविरुद्ध मी लेखी तक्रारी केल्या, तेव्हा ते गावभर सांगत सुटले, "साहेबांत जस्त लय कमी. म्हणून तापतात." ज्याची उभी हयात दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत गेली, त्याचे निदान मेंढराप्रमाणे व्हावे, हे मी कदापि खपवून घेणार नव्हतो.

मात्र कोकरांच्या बाबतीत त्यांना थट्टा चालत नाही. एका गवळ्याने म्हशींची उरलेली वीट फुकट देऊ केली, तेव्हा तात्या कडाडले, "यात तांबं किती हाय! मेंढराला सोसतं व्हय? कोकरू जाईल ना माझं!"

तात्यांची वीट माझ्या भिंतीलगत दोरीला लोंबत असे. तिच्यासाठी कोकरांची झुंबड उडे आणि ढुशांनी माझ्या भिंतीचा गिलावा निखळे. मी रीतसर नोटीस बजावली: सदर वीट तत्काळ उतरवावी व आवारात अन्यत्र कोठेही टांगू नये. शिक्क्याच्या कागदाला तात्या फार भितात. त्यांनी वीट उतरवली आणि क्षारांची भुकटी कोंड्यात कालवून देण्यास आरंभ केला. दांडगी कोकरे ती फस्त करीत; एका किरट्याच्या वाट्यास काहीच येईना. ते इतरांची लोकर उपटून खाऊ लागले आणि दिवसभर बें बें करीत माझ्या भिंतीचा चुना चाटू लागले. तात्यांनी त्याचे नाव ठेवले 'वकील'.

भिंत उघडी पडू लागताच मी दुसरी नोटीस बजावली: सदर वीट तत्काळ पूर्ववत टांगावी.

तात्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले. "साहेब, खरा कोणता?"

"नंतरचा!"

"बघा. जस्तच कमी हाय."

वीट पुन्हा टांगली गेली. वकील भराभर अंग धरू लागला. पुढे येवल्याचा व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि बाकीची कोकरे घेऊन गेला. "याच्यात अजून जस्त कमी हाय, पुढच्या खेपेला न्या," असे सांगून तात्यांनी वकिलाला मागे ठेवले. पुढच्या खेपेलाही त्यांनी हेच सांगितले. तोवर वकील माझ्या फाटकाला धडका देऊ लागला होता.

तात्यांची पत्नी वारली आहे. मुलगी सासरी असते. संध्याकाळी भिंतीपलीकडून एकच आवाज येतो. "वकील, आज कालवणात मीठ जास्त पडलं का रं?"

तिसऱ्या खेपेला व्यापारी हटून बसला. "तात्या, आता थापा बास! कसलं कमी आन् कसलं काय? चांगलं टणक हाय की." तात्या वकिलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. व्यापारी माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही कोर्टातले. तुम्हीच सांगा खरं काय ते."

त्याच क्षणी वकिलाने माझ्या फाटकाला अशी धडक दिली की कडी निखळली.

मी घसा साफ केला. "या कोकरात जस्त अत्यंत कमी आहे. हवे असल्यास लेखी देतो."

टेम्पो रिकामा गेला. संध्याकाळी भिंतीवरून कालवणाची एक वाटी पुढे आली.

"साहेब, मीठ बघा बरं जरा."

मीठ जास्त होते. तसे मी त्यांना तत्काळ कळवले. तोंडी.