चाळीस घरचं जेवण आणि बारा मडकी मध

एका जंगलात, जिथं वाघसुद्धा शिकार हप्त्यानं आणायचा, तिथं धोंडबा नावाचं एक अस्वल राहत होतं. बायकोचं नाव सुंदरा. हसू नका. अस्वलांत ती सुंदरच गणली जायची.

तर मुलांनो, नीट मांडी घालून बसा. नाकातली बोटं काढा. गोष्ट कर्जाची आहे, तुम्हाला पुढं उपयोगी पडेल.

पूर्वी त्या जंगलात बोरं फुकट होती. उंबरं फुकट होती. वारूळ दिसलं की अस्वलानं नाक खुपसावं आणि पोटभर वाळवी खावी, कुणी विचारत नसे. मग लखूशेठ तरसानं जंगलाचा ठेका घेतला. राजानं तो का दिला ते राजाला विचारा. विचारून परत आलात तर मलाही सांगा.

ठेका झाल्यावर बोर तोडायचं तरी लखूशेठच्या दुकानात आधी मोल भरावं लागे. वानरानं डिंक द्यायचा, रानडुकरानं कंद, अस्वलानं मध. मधाच्या पोळ्यांवर मात्र लखूशेठनं ठेका लावला नव्हता. एकदा लावायला गेला होता. मधमाश्यांना कागद वाचता येत नाही. आठ दिवस त्याचं तोंड भोपळ्याएवढं होतं.

या लखूशेठच्या दुकानात धोंडबानं एक झोपाळा पाहिला. चांगला रुंद, पितळी कड्यांचा.

लखूशेठ म्हणाला, "धोंडबाराव, बसून तर बघा! बसायला काय मोल पडतंय?"

धोंडबा बसला. त्याला जन्मात कुणी 'राव' म्हटलं नव्हतं. बापसुद्धा 'ए धोंड्या' म्हणायचा. झोपाळ्यानं झोका घेतला आणि त्याहून मोठा झोका त्या 'रावा'नं घेतला.

"झोपाळा आज न्या. मध निवांत आणा," लखूशेठ म्हणाला आणि त्यानं कागद पुढं केला.

कागदावर अटी होत्या. अक्षरं मुंगीएवढी होती. आणि अस्वलाला मुंगी दिसली की काय करायची सवय असते? त्यानं अटी चाटल्या. मग अंगठा उठवला.

त्याच संध्याकाळी सुंदरा झोपाळ्यावर बसली तेव्हा तो करकरला. धोंडबा शेजारी जाऊन बसला तेव्हा तो तुटला.

झोपाळा गेला. कर्ज धडधाकट राहिलं.

त्रिपुरी पौर्णिमेला लखूशेठ गुहेच्या दारात आला. आता 'राव' वगैरे काही नव्हतं. म्हणाला, "धोंड्या, व्याजासकट बारा मडकी झाली. शिमग्यापर्यंत दे. नाहीतर कागदाप्रमाणं गुहा माझी."

"गुहा?" धोंडबा म्हणाला. "असं कुठं लिहिलंय?"

"तू चाटलंस त्याच ओळीत."

सुंदरानं सगळं ऐकलं. लखूशेठ गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, गुहा गेली तर मी भावाकडे जाईन. तुम्ही त्या दोन पितळी कड्यांत पाय अडकवून वटवाघळासारखे लटका."

धोंडबाला रात्रभर झोप लागली नाही. म्हणजे अस्वलाला जेवढी लागायला हवी तेवढी लागली नाही.

त्या जंगलात एक घुबड काटकसरीवर व्याख्यान द्यायचं. फी अर्धं मडकं. धोंडबा फी घेऊन निघाला, तेव्हा सुंदरानं मडकं काढून घेतलं. म्हणाली, "काटकसर इथूनच सुरू करा." मग दोघं मांडवाबाहेर झाडामागं उभं राहून व्याख्यान ऐकून आले. घुबडानं सांगितलं, खर्चाचे दोन भाग करा, एक गरजेचा आणि एक चैनीचा. चैनीचा ताबडतोब बंद करा.

धोंडबानं घरी येऊन विचार केला. मध गरजेचा निघाला. आंघोळ चैनीची निघाली. आंघोळ ताबडतोब बंद झाली.

सुंदरानं मात्र बोटं मोडून खरा हिशेब घातला.

"महिन्याला आपल्याला तीन मडकी मध मिळतो. शिमग्याला चार महिने. तीन चोक बारा. हिशेब बरोबर बसतोय बघा!"

"बसतोय?" धोंडबा उडालाच.

"बरोबर बसतोय. फक्त चार महिने जेवायचं नाही."

धोंडबा खाली बसला. म्हणाला, "त्यापेक्षा गुहा देऊ."

"जेवायचं नाही असं मी कुठं म्हटलं?" सुंदरा म्हणाली. "आपल्या घरी जेवायचं नाही, एवढंच."

आता मुलांनो, त्या जंगलाची एक रीत होती. पाणवठ्यावर कुणी भेटलं की निघताना म्हणायचं, "या की एकदा घरी. जेवायलाच या." समोरच्यानं म्हणायचं, "येऊ येऊ, नक्की येऊ." आणि कुणी कुणाकडे जायचं नाही. पिढ्यान् पिढ्या हे सुखानं चाललं होतं. तुमच्याही घरी हीच रीत आहे, मला सांगू नका.

सुंदरानं गेल्या दोन वर्षांत कोण कोण 'या' म्हटलं होतं ते आठवलं. एकेका घराचा एकेक खडा मांडला. चाळीस खडे झाले.

मुंगीचा खडा त्यात नव्हता. तिच्या काटकसरीच्या गोष्टी तुम्हाला शाळेत सांगतात. पण ती कधीही कुणाला 'या' म्हणत नाही, हे तिच्या काटकसरीचं खरं गुपित कुणी सांगत नाही.

"चाळीस घरं," सुंदरा म्हणाली, "एकेका घरी तीन दिवस. एकशेवीस दिवस. शिमगा आला."

"अगं पण तीन दिवस?" धोंडबा कळवळला. "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात."

"अक्कल गेली तर जाऊ दे. गुहा राहिली पाहिजे."

आणि दोघं निघाले.

पहिलं घर केरबा वानराचं. केरबा शेंगा सोलत बसला होता. वर पाहतो तर दोन अस्वलं.

"तुम्ही?" केरबा म्हणाला.

"तुम्ही म्हणाला होता ना, या एकदा," सुंदरा गोड आवाजात म्हणाली. "हे म्हणाले, केरबाभाऊजी एवढ्या प्रेमानं बोलावतात आणि आपण जात नाही. बरं दिसत नाही."

केरबानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं केरबाकडे असं पाहिलं की तो एक फांदी वर सरकला. पण रीत ती रीत. "या, या," तो म्हणाला. तीन दिवसांनी त्याच्या घरात शेंगांची टरफलंसुद्धा उरली नाहीत.

सशाच्या घरी दोन्ही वेळा हरळीची कोशिंबीर होती. धोंडबा तीन दिवस खाली मान घालून चरला. साळिंदराकडे जेवण उत्तम होतं, पण यजमान आग्रह करायला जवळ आला की पाहुणे भिंतीला चिकटत. रानडुकराच्या घरी धोंडबाला फार आवडलं. तिथं आंघोळीचा विषयच निघत नसे.

दिवसा दोघं मध काढत. धोंडबा मडकं घरी नेई तेव्हा तोंडात एक गुळगुळीत गोटा धरी, जीभ मडक्यात जाऊ नये म्हणून. जिभेला वाटे, आज ना उद्या गोटा विरघळेल. गोटा विरघळला नाही. गुहेत एकामागून एक मडकी मात्र उभी राहिली. दोन महिन्यांत सहा. तीन महिन्यांत नऊ.

इकडे जंगलाच्या बोलण्याची रीतच बदलली. पाणवठ्यावर कुणी कुणाला 'या' म्हणेना. लोक लांबूनच म्हणत, "बरं आहे. तब्येत जपा. घरीच असा." पण दिलेलं आमंत्रण परत कसं घेणार? आपली पाळी कधी येते ते मोजत एकेक घर जीव मुठीत धरून बसलं होतं.

सुंदरा मात्र रीतीत कुठंही कमी पडली नाही. प्रत्येक घरातून निघताना ती उंबऱ्यावर थांबून म्हणायची, "आता तुम्ही यायचं हं आमच्याकडे. जेवायलाच या." म्हणावं लागतं ना. न म्हणून कसं चालेल?

शिमग्याच्या आदल्या दिवशी गुहेत बारावं मडकं भरलं. धोंडबानं बाराही मडकी दोनदा मोजली. दोन्ही वेळा बाराच भरली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या सकाळी नेऊन द्यायची, की गुहा सुटली.

तेवढ्यात बाहेर गलका झाला.

सुंदरानं डोकावून पाहिलं. दारात चाळीस घरं उभी होती. पोराबाळांसकट. सगळ्यांच्या पुढं केरबा वानर.

"तुम्ही म्हणाला होता ना वहिनी, या एकदा," केरबा गोड आवाजात म्हणाला. "ही म्हणाली, सुंदरावहिनी एवढ्या प्रेमानं बोलावतात आणि आपण जात नाही. बरं दिसत नाही."

मागून रानडुकराचं पोर ओरडलं, "बाबा, मधाचा वास येतोय!"

धोंडबा मडक्यांसमोर आडवा उभा राहिला. गुहेत खायला दुसरं काहीच नव्हतं. चार महिने चूल पेटली नव्हती. एवढी तोंडं आत आली की बारा मडक्यांची बारा खापरं व्हायला कितीसा वेळ लागणार? आणि पाहुण्याला दारातून परत पाठवायचं, तर त्या जंगलात पुन्हा तोंड दाखवायला जागा नाही.

"या, या, बसा!" सुंदरा मोठ्यानं म्हणाली. "आधी पाणी घ्या. उन्हातून आलात." आणि धोंडबाच्या कानात म्हणाली, "मागच्या भगदाडातून निघा. दोन्ही कावडी घ्या. उद्याचं आजच देऊन या. मी यांना बोलण्यात गुंतवते."

सुंदरानं प्रत्येकाला पाणी दिलं. प्रत्येकाच्या सासूची चौकशी केली. सासूची चौकशी केली की वेळ फार छान जातो, हे ध्यानात ठेवा.

तोवर धोंडबा खांद्यावर कावडी आणि तोंडात गोटा घेऊन धावत होता. बारा मडकी नाकाशी डुचमळत होती. असा मोह कुठल्या ऋषीच्याही वाट्याला आला नसेल. गोट्यावर त्याचे दोन दात हलले. पण थेंब सांडला नाही, की चाटला नाही.

लखूशेठनं प्रत्येक मडकं हुंगून पाहिलं. बाराच्या बारा. त्याचं तोंड कडू झालं. त्याला मध नको होता, गुहा हवी होती. पण दुकानात गिऱ्हाईकं उभी होती, बघत होती. त्यानं कागद फाडला.

मग त्याच्यातला दुकानदार जागा झाला. एवढं फेडणारं गिऱ्हाईक सोडायचं कसं? दुकानात कालच लाकडी पलंग आले होते.

"वा, धोंडबाराव!" तो म्हणाला. 'राव' परत आलं. "शब्दाचे पक्के! आता कर्ज नाही, काही नाही, आपण घरचे झालो. या एकदा सहकुटुंब. जेवायलाच या. नवा मालही बघून होईल."

धोंडबानं तोंडातला गोटा काढला. "कधी येऊ?"

"अहो, कधीही!"

"आज?"

गिऱ्हाईकं बघत होती. "आजच या!" लखूशेठ हसून म्हणाला. त्यानं मनात मोजलं, दोन अस्वलं, एक मडकं मध, आणि त्या बदल्यात चोवीस मडक्यांचा पलंग. सौदा वाईट नव्हता.

धोंडबा धापा टाकत घरी आला आणि सुंदराच्या कानात सगळं सांगितलं. पाहुणे कंटाळले होते. सगळ्या सासवा संपल्या होत्या. केरबा मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, पानं कधी वाढताय?"

"हे काय, निघूच," सुंदरा पदर खोचून म्हणाली. "पानं लखूशेठकडे मांडलीत. आमचं कर्ज फिटलं, त्यांनी सहकुटुंब बोलावलंय."

"तुम्हाला बोलावलंय," केरबा म्हणाला. "आम्हाला कुठं?"

"भाऊजी, चार महिने ज्यांनी आम्हाला पोसलं ते आमचे कोण लागतात? एवढंच तर आमचं कुटुंब."

साळिंदराच्या बायकोनं डोळे पुसले. खरंच वाईट वाटलं म्हणून, की भूक लागली म्हणून, ते तिलाच ठाऊक. सगळे उठले.

लखूशेठनं खिडकीतून पाहिलं, तर रस्ताभर कुटुंब येत होतं.

"अहो, सहकुटुंब म्हटलं होतं मी!" तो किंचाळला.

"हो ना," सुंदरा म्हणाली. "रानडुकराची आत्या तेवढी आली नाही, पाय मुरगळलाय. तिचं डब्यात घालून द्या."

आता लखूशेठ काय करणार? त्यातल्या प्रत्येकाकडे त्याचा काही ना काही हप्ता होता. उपाशी गिऱ्हाईक दारातून परत पाठवलं, तर उद्या हप्ता कोण देणार? त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला आणि घरात जे भरपूर होतं ते वाढायला घेतलं. बारा मडकी मध.

चार महिन्यांनी धोंडबाची जीभ मधाला लागली. पहिल्या मडक्याला तो रडला. दुसऱ्याला हसला. तिसऱ्याला त्याला केरबानं बाजूला ओढलं, कारण बाकीचेही जेवायला आले होते.

निघताना सगळ्यांनी उंबऱ्यावर थांबून वाट पाहिली. पण लखूशेठ नुसता हात जोडून उभा राहिला. 'पुन्हा या' असं काही तो म्हणाला नाही. त्यानंतर तो कुणालाच 'या' म्हणाला नाही. गिऱ्हाईक पायरी चढलं की तो आतून कडी लावून घेई. दुकानदारच 'या' म्हणेना, तर दुकान किती दिवस चालणार? वर्षाच्या आत ठेका बुडाला. बोरं फुकट झाली, उंबरं फुकट झाली, आणि कुणाला झोपाळा घ्यायची बुद्धी झाली तरी विकणारा उरला नाही.

घुबड आता व्याख्यानात सांगतं की हे सगळं त्याच्याच काटकसरीच्या उपदेशानं झालं. फी एक मडकं झाली आहे.

तात्पर्य: अंथरूण पाहून पाय पसरावेत. अंथरूण दुसऱ्याचं आहे एवढी आधी खात्री करावी, मग खुशाल पसरावेत.

आणि गोष्ट आवडली म्हणून, ती सांगणाऱ्याला 'या एकदा घरी' असं चुकूनही म्हणू नये. तो येतो.