भालेरावकाकांची उपाशी बंदूक

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये स्वेटर घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे शेजारी भालेरावकाका. इथे ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यातसुद्धा, सकाळचा चहा संपेपर्यंत बनियन अंगाला चिकटतो. त्या वेळी हे गृहस्थ चॉकलेटी हाफ स्वेटर, कानांवर माकडटोपी आणि हातात रायफल अशा थाटात आंब्याच्या झाडांमधून फिरायचे. पहिल्यांदा हा अवतार दिसला तेव्हा माझ्या बायकोने दाराला आतून कडी घातली होती.

"सकाळी गारठा असतो रे," काका म्हणायचे. मी कुंपणाच्या अलीकडे हाफपँटवर, घाम पुसत उभा असायचो.

काका पुलांचे इंजिनिअर. जन्म पुण्यात सरकारी पूल बांधण्यात गेला, मग इथे रस्ते खात्यात आले. रिटायर झाल्यावर त्यांनी आणि शालिनीकाकूंनी शहराबाहेर आमच्या शेजारची आंब्याची बाग घेतली. पुलांनी त्यांना एक तत्त्व शिकवलं होतं आणि ते डाळीला फोडणी देतानाही पाळलं जायचं. "एका वेळी एकच बदल!" हिंग आणि मोहरी दोन्ही वाढवलं, तर चव कशाने बिघडली हे कळणार कसं? त्यांच्या घरच्या आमटीने सुधारायला एकेक वर्ष घेतलेलं आहे.

दुसरं तत्त्व एसीबद्दल होतं. "एसी म्हणजे विकतची सर्दी!" काकूंना उकाडा अजिबात सोसायचा नाही. त्यांना एसी अठरावर हवा आणि काकांना बंद. या विषयावर त्या घरात झालेली भांडणं कुंपणापलीकडून मी पाठ केली होती. शेवटी रिमोट काकूंच्या उशीखाली जायचा आणि विषय संपायचा.

रायफल घेतली ती मॅगपाय गूजसाठी. आंबा पिकायला लागला की हे काळेपांढरे पक्षी थव्याने उतरतात आणि झाड साफ करून जातात. काकांना बागायतदार म्हणून खास परवाना मिळाला आणि त्यांनी कोरी सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणली. एक गोळी सुटली की मॅगझिनमधली, म्हणजे खालच्या गोळ्यांच्या डबीतली, पुढची आपोआप वर चढते, अशी ती व्यवस्था. पक्षी मात्र मारायचा नव्हता. "मारायचं नाही, दटावायचं," असं ते म्हणत. बागेच्या टोकाला मातीचा मोठा ढीग होता, त्यात गोळ्या झाडायच्या आणि आवाजाने थवा उठवायचा. ज्या माणसाने झुरळसुद्धा वर्तमानपत्रावर घेऊन बाहेर सोडलं, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हतीच.

घाई होती ती एका झाडासाठी. काकूंनी स्वतः लावलेलं, पाणी घालून वाढवलेलं एक कलम त्या वर्षी पहिल्यांदा धरलं होतं. आणि काकू इथे नव्हत्या. फेब्रुवारीत भाचीच्या लग्नाला म्हणून पुण्याला गेल्या, लग्न झालं, आणि करोनामुळे विमानं बंद झाली. त्यानंतर तिकीट काढायचं, ते रद्द व्हायचं, पुन्हा काढायचं, असा खेळ सुरू होता. पहिला आंबा काकूंनी खायचा, तोवर तो पक्ष्यांपासून राखायचा, एवढं एकच काम काकांनी अंगावर घेतलं होतं.

"कंटाळा येत असेल ना हो एकट्याला?" मी एकदा विचारलं.

"छे! राज्य आहे राज्य. कोणी बोलायला नाही, टोकायला नाही. मस्त चाललंय." आणि माकडटोपी सारखी करून ते निघून गेले.

पण बंदूक काही चालेना. रोज चहानंतर ढिगाकडून एक 'ठो' ऐकू यायचा. मग शांतता. मग काकांचा आवाज, "अगं घे ना, घे! एवढा एक घास घे!" दुसरी गोळी अर्ध्या वाटेत तिरकी होऊन अडकलेली असायची. काका मॅगझिन काढायचे, अडकलेली गोळी सोडवायचे, बंदूक रिकामी झाल्याची दोनदा खात्री करून घ्यायचे आणि बाकावर संशोधनाला बसायचे.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ब्रँड न्यू गन, मेट. थोडी वापरा, शी'ल बी राइट, होईल सगळं ठीक."

"'शी'ल बी राइट' म्हणे! मी पूल बांधून असं म्हटलं असतं तर?" काका माझ्यापुढे भडकले. "आयुष्यभर मी न हलणाऱ्या वस्तूंचं काम केलं, नितीन. पूल हलला की नोकरी जाते. आणि ही बया हलली नाही म्हणून अडतंय!"

मग एका वेळी एकच बदल सुरू झाला. एके दिवशी गोळ्यांची कंपनी बदलली. ऊन चढेपर्यंत खटपट केली आणि बंदूक धडाधड चालली. काका विजयी मुद्रेने कुंपणाशी आले, "गोळ्याच भिकार होत्या." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक 'ठो' आणि पुन्हा उपास. मग नवं मॅगझिन आणलं. दहा वाजेपर्यंत ती पुन्हा सुरळीत. "मॅगझिनची स्प्रिंग!" दुसऱ्या सकाळी परत तेच. रोज एक शोध लागायचा आणि रोज सकाळी तो खोटा ठरायचा. वर्क फ्रॉम होममध्ये माझ्या मीटिंगा याच आवाजावर चालायच्या. आमची टीम लीडर विचारायची, "इज युअर नेबर ओके?" मी म्हणायचो, "नो वरीज, ही इज अ ब्रिज इंजिनिअर."

इकडे कैऱ्यांना रंग यायला लागला आणि पहिले चार पक्षी पाहणी करून गेले. काकांचा चेहरा उतरला.

त्याच दिवसांत एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "मास्क लाव आणि ये. फोन धरायचाय." फोनवर काकू होत्या. पुण्यात अजून पहाट होती. तिकीट पुन्हा रद्द झाल्याचा मेसेज आला होता आणि त्यांना झोप नव्हती. काकांनी तिकिटाचा विषय टाळला. "हे बघ, तुला हिची गंमत दाखवतो," म्हणत त्यांनी नुकतीच कपाटातून काढलेली रिकामी रायफल उघडली. मी फोन जवळ नेला.

"ते आत पांढरं काय दिसतंय हो?" काकू म्हणाल्या.

"कंपनीचं ग्रीस असेल."

"बोटाने काढा. वास घ्या."

काकांनी वास घेतला आणि बोट पटकन मागे घेतलं.

"खोबरेल घातलंत ना?"

"दुकानातल्या तेलाला रॉकेलसारखा घाण वास होता. आपल्याकडे शिलाई मशीनपासून डोक्यापर्यंत सगळ्याला खोबरेलच चालतं की!"

"थिजलंय ते! डिसेंबरात आपल्या मोरीतली बाटली थिजते तसं. ते चिकट झालं की आतलं सरकणार कसं? ऊन लागलं की वितळतं, म्हणून दहाला चालते तुमची बंदूक. एवढे इंजिनिअर तुम्ही!" काकूंना हसू आवरेना. बऱ्याच दिवसांनी हसत असाव्यात, कारण मधेच खोकला आला. मग त्या एकदम थांबल्या. "पण डार्विनला खोबरेल थिजतं कसं? आपल्या स्वयंपाकघरातली बाटली तर बारा महिने पाण्यासारखी असते."

काका बंदूक पुसायला लागले.

"अहो, बंदुकीचं कपाट कुठे बसवलंय?"

"बेडरूममध्ये. भिंतीला पक्कं. कायदाच आहे तसा."

"मग बेडरूममध्ये एवढा गारवा कसा? एसी लावता तुम्ही? कितीवर?"

मी काकांच्या स्वेटरकडे पाहिलं. मग माकडटोपीकडे. मला एकदम सगळं कळलं आणि फोन धरलेला हात कुठे ठेवावा ते कळेना.

"तू गेलीस तेव्हा होता तेवढ्यावरच आहे," काका म्हणाले. "रिमोट तुझ्या उशीखालीच आहे. मी कशाला हात लावू?"

काकूंनी फोन अगदी तोंडाजवळ आणला.

"अहो, बंद करा तो," काकू म्हणाल्या. "आजारी पडाल. एसी बंद केला की बंदूकही आपोआप चालेल."

"नाही, नाही. पद्धत म्हणजे पद्धत." काकांनी मान खाली घालून बोटावरचं पांढरं खोबरेल फडक्याला पुसलं. "एका वेळी एकच बदल. तेल बदलतो. एसी राहू दे."

त्यांनी आतलं खोबरेल पुसून काढलं आणि दुकानातलं तेल घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगाकडून सलग आवाज आले, मधे कोणी कोणाला घास भरवला नाही, आणि कलमावर उतरलेला थवा उठून दूर गेला. मी कुंपणाशी जाऊन टाळ्या वाजवल्या. काकांनी लांबूनच हात हलवला. अंगात स्वेटर होता.