एका नाण्याचा रॉयल

ऑक्टोबरातल्या एका सकाळी अंडी खाता खाता मी बायकोला म्हणालो, "लॉर्ना, यंदा थँक्सगिव्हिंगचा स्वयंपाक तू करायचा नाहीस."

बस, एवढंच म्हणालो. माणूस सकाळी बरंच काही बोलतो. हवा छान पडलीय म्हणतो, कॉफी कडू झालीय म्हणतो. पण लॉर्नानं हातातला काटा खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि लग्नाच्या दिवशी पाहत होती तशी ती माझ्याकडे पाहू लागली. (लग्नाच्या दिवशी तिला चष्मा नव्हता. म्हणूनच ते लग्न पार पडलं, असं तिचा भाऊ मर्ल म्हणतो.)

"मग कोण करणार?" तिनं विचारलं.

इथे शहाण्या माणसानं तोंडात अंडं कोंबलं असतं. मी म्हणालो, "मर्ल करेल."

या मर्लबद्दल सांगायला हवं. तो आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाला. त्याची बायको केव्हाच सोडून गेली, पण जाताना तीन मुलगे मागे ठेवून गेली, आणि ते एकेक फ्रिजएवढे आहेत. गेली बावीस वर्षं हे चौघे थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे जेवायला येतात. लॉर्ना पहाटे उठून टर्की ओव्हनमध्ये घालते, बटाटे कुस्करते, भोपळ्याची गोड पाय-पेस्ट्री करते, आणि सगळे जेवायला बसले की ग्रेव्ही आणायला उठते, पाव आणायला उठते, मीठ आणायला उठते. ती बसेपर्यंत टर्कीचा सांगाडा उरलेला असतो. बावीस वर्षांत तिनं या सणाचा गरम घास खाल्लेला नाही. मला याचं फार वाईट वाटायचं. वाईट वाटत वाटत मी तिसऱ्यांदा वाढून घ्यायचो.

तर त्या गुरुवारी मी मर्लला गाठलं. गाठायला काही लांब जावं लागत नाही. आम्ही हेंडरसन गावची माणसं शेजारच्या शहरातल्या झगमगाटी मोठ्या कॅसिनोंकडे फिरकत नाही. ते पाहुण्यांसाठी. आमचा आपला घराजवळचा कॅसिनो, तिथे स्वस्तात नाश्ता मिळतो आणि बारच्या काउंटरमध्येच व्हिडिओ पोकरची, म्हणजे पडद्यावर पत्ते वाटणारी, मशीनं बसवलेली असतात. मर्ल आणि मी दर गुरुवारी तिथे कोपर टेकून बसतो आणि एकाच विषयावर भांडतो. मी पाणीखात्यात कारकून होतो (चुकीच्या दिवशी बागेला पाणी घालणाऱ्यांना नोटिसा पाठवायचो), त्यामुळे माझा पद्धतीवर विश्वास. मर्लचा कशावरच नाही.

माझी पद्धत साधी आहे. तिचं नाव शिडी. पाव डॉलरच्या मशीनवर एका डावाला एकपासून पाच नाण्यांपर्यंत लावता येतात. आपण एका नाण्यानं सुरुवात करायची. हरलो तर पुढच्या डावाला दोन, मग तीन, मग चार, मग पाच. जिंकलो की परत एकावर. म्हणजे हरलेलं सगळं वरच्या पायरीवर वसूल होतं आणि पडलोच तर खालच्या पायरीवरून पडतो. कागदावर ही पद्धत बघाल तर डोळ्यांत पाणी येईल.

"येईलच," मर्ल म्हणाला. "अरे, मशीनला कुठे ठाऊक असतं तू मागचा डाव हरलास ते?"

"मशीनला नसेल. मला असतं ना!"

"प्रत्येक डाव नवा असतो, वेंडल. पाच लाव, नेहमी पाच लाव. रॉयल लागला तर एका नाण्याला अडीचशे नाणी मिळतात, पण पाच लावलेस तर चार हजार. पाचपट नाही रे, सोळापट!"

रॉयल म्हणजे एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. या पाच पानांसाठी आमच्या गावात माणसं म्हातारी होतात.

"किती रॉयल लागले तुला आयुष्यात?" मी विचारलं.

"तीन."

"आणि त्यासाठी किती घातलेस?"

मर्लनं कॉफी ढवळली. त्या कॉफीत साखर नव्हती.

"त्यापेक्षा माझं बरं," मी म्हणालो. "मला एकही लागला नाही, आणि मी घर चालवतोय."

"घर लॉर्ना चालवते."

"मग तिला एक दिवस सुट्टी दे. यंदा तू रांध."

मर्लला पळवाट हवी होती, ती त्याला मशीनमध्येच दिसली. "ठरलं," तो म्हणाला. "कॅसिनोच्या टर्की-वाटपाच्या दिवशी बसू. दोघांनी शंभर-शंभर डॉलर घ्यायचे. तू तुझ्या शिडीनं, मी माझ्या पाचानं. दुपारी दोनला ज्याच्याकडे कमी उरतील, त्यानं थँक्सगिव्हिंगचं जेवण करायचं. स्वतःच्या हातानं. सहा माणसांचं."

मी टाळी दिली. घरी येऊन अभिमानानं सांगितलं. लॉर्ना टॉवेलच्या घड्या घालत होती.

"म्हणजे तू हरलास तर तू रांधणार?"

"हो."

"तू?"

"हो."

"वेंडल, तू केलेला पॅनकेक अजून गॅरेजच्या दाराला अडसर म्हणून लावलाय."

"चांगला टिकलाय पण."

"म्हणजे तू हरलास की मीच रांधणार."

मी या बाजूनं विचार केला नव्हता. तिनं शेवटच्या टॉवेलची घडी घातली, ती पुन्हा मोडली, पुन्हा घातली. मग दूध संपलंय म्हणावं इतक्या साधेपणानं म्हणाली, "मग हरू नकोस."

सांगतो तुम्हाला, आयुष्यात मला साहेबानं दम भरला, डॉक्टरनं दम भरला, पण एवढा धाक कधी बसला नव्हता. कारण ती हसली नव्हती. तिला तो गरम घास खरंच हवा होता.

मी सरावाला लागलो. जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडले आणि नाण्यांऐवजी राजमा घेतला. दोन आठवड्यांत शिडीनं मला वाडगाभर राजमा जिंकून दिला. मी तो मर्लला दाखवण्यासाठी ठेवला होता. मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर लॉर्नानं त्याची चिली, म्हणजे तिखट रस्सा, केलेली. माझा सगळा नफा मी स्वतःच पावाबरोबर खाल्ला. (चव उत्तम होती. पद्धतीत दम होता, हे तेव्हाच कळलं.)

आणि मग तो दिवस उजाडला. टर्की-वाटपाच्या दिवशी आमच्या कॅसिनोत जत्रा असते. दिवसभरात ठरावीक खेळ झाला की कार्डावर पॉइंट जमतात आणि दारातल्या थंड ट्रकमधून एक गोठवलेली टर्की फुकट मिळते. या फुकट टर्कीपायी लोक दोनशे डॉलर घालवतात आणि बाजारात ती वीस डॉलरला मिळते हे कुणी काढलं तर बोलणं बंद करतात.

मर्ल माझ्या डावीकडे बसला, उजवीकडे मिस ओपल. मिस ओपल ऐंशीच्या पुढच्या, मी नोकरीला लागल्यापासून त्यांना त्याच खुर्चीवर बघतोय. लॉर्ना म्हणाली, "माझ्यानं बघवायचं नाही," आणि पलीकडे नाश्त्याच्या हॉलमध्ये जाऊन बसली.

सुरुवात छान झाली. एक नाणं, हरलो. दोन, हरलो. तीन, हरलो. शिडी चढायला हरणं लागतंच, त्यामुळे मी प्रसन्न होतो. चार, हरलो. पाच, हरलो. आता वर पायरी नव्हती, तेव्हा पाचावरच राहिलो आणि आणखी चार वेळा हरलो. मग गुलामांची जोडी लागली. जोडीला लावलेलं तेवढं परत मिळतं. म्हणजे मी जिंकलो. म्हणून उतरून एकावर आलो.

"कसं चाललंय?" मर्लनं विचारलं.

"पद्धतशीर," मी म्हणालो.

असं पद्धतशीरपणे दीडच्या सुमाराला माझ्याकडे चाळीसच्या आत डॉलर उरले. मर्लकडे सत्तरच्या वर होते. तो शीळ घालत होता. त्याच्या कार्डावर टर्कीपुरते पॉइंटही जमले होते. माझ्या एक-एक नाण्यांच्या खेळात टर्कीची तंगडीसुद्धा आली नसती. माझ्या डोळ्यांसमोर लॉर्ना यायला लागली, पहाटे उठलेली, कोपरापर्यंत हात टर्कीत घातलेली, आणि काही न बोलणारी. बोलली असती तर परवडलं असतं.

मी मनात म्हटलं, वेंडल, आशा सोडू नकोस. शिडीवर विश्वास ठेव. मी चढलो. पाचावर पोचलो. आणि काय सांगू, फ्लश लागला! पाच पानं एका रंगाची! मी टाळी वाजवली, मर्लकडे तुच्छतेनं पाहिलं आणि नियमाप्रमाणे उतरून एक नाणं लावलं.

पानं आली. बदामची दश्शी. बदामचा गुलाम. बदामची राणी. बदामचा राजा. किलवरची सत्ती.

मी बदामची चार ठेवली, सत्ती टाकली आणि बटण दाबलं.

बदामचा एक्का आला.

मशीननं एक छोटीशी धून वाजवली, दाराची बेल वाजते तेवढीच. मी ओरडलो, "रॉयल!" आणि उभा राहिलो. आजूबाजूची माणसं धावत आली. मिस ओपलनी चष्मा वर सरकवून माझ्या पडद्यावर पाहिलं, आधी पानं पाहिली, मग कोपऱ्यातला आकडा. त्यांचा चेहरा पडला.

"बाळा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकच नाणं लावलं होतंस?"

"हो."

"का रे?"

"मागचा डाव जिंकलो होतो ना."

"अगं बाई! जिंकलास? हरला असतास तर?"

"तर पाचावरच राहिलो असतो."

मिस ओपलनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या वडिलांच्या अंत्यविधीलाही कुणी इतक्या मायेनं ठेवला नव्हता. मग एकेक जण पुढे येऊ लागला. कुणी टोपी काढली. एक ट्रकवाला म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. आता बरा आहे. बोलत नाही फारसा." वेट्रेसनं न मागता कॉफी आणून ठेवली. एक हजार डॉलर मिळायचे तिथे मला साडेबासष्ट मिळाले होते. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं माझ्यासमोर पाच पानं मांडून बसलं होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत लॉर्ना आली. 'रॉयल' हा शब्द नाश्त्याच्या हॉलपर्यंत पोचला होता. धावल्यामुळे तिचे गाल लाल झाले होते.

"हजार?" तिनं विचारलं.

मी पडद्याकडे बोट केलं.

"अडीचशे," ती म्हणाली. "डॉलर?"

"नाणी."

"म्हणजे किती?"

"साडेबासष्ट."

ती पडद्याकडे बघत राहिली. लोक एक पाऊल मागे सरले. ट्रकवाल्यानं टोपी पुन्हा घातली. मला वाटलं, आता संपलं. पॅनकेक नाही, आता मीच गॅरेजच्या दाराखाली. लॉर्नानं घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते.

"मर्ल," ती म्हणाली, "तुझ्याकडे किती आहेत?"

मर्ल खांदे उडवत हसत होता. "एकाहत्तर आणि पाव. पण लॉर्ना, या गाढवानं काय केलं ते कळलं का तुला? याला म्हणे पद्धत! अगं, मी असतो तर..."

"आणि याच्याकडे?"

मिस ओपलनी वाकून पाहिलं. "शंभर," त्या म्हणाल्या. "आणि अर्धा."

मर्लचं हसू बंद झालं.

माझ्याही डोक्यात प्रकाश तेव्हाच पडला. मी जिंकलो होतो! तब्बल अर्ध्या डॉलरचा नफा झाला होता, आणि इकडे माझ्या दुखवट्याला निम्मं हेंडरसन लोटलं होतं.

लॉर्नानं सगळ्यांसमोर माझ्या कपाळाची पापी घेतली. "मर्ल," ती म्हणाली, "मला ग्रेव्ही भरपूर लागते."

खरं सांगतो, मर्ल शब्दाचा पक्का निघाला. थँक्सगिव्हिंगला त्यानं अंगणात मोठं पातेलं मांडलं, वेल्डिंगचा चष्मा लावला आणि ती फुकट मिळालेली टर्की शेंगदाण्याच्या तेलात अख्खी तळली. तिघा मुलांनी बटाटे सोलले. शेजारी कुंपणावरून वासानं वेडे होऊन बघत होते. टर्की अशी झाली होती की बोट लावावं तिथे कातडी कुरकुरायची. लॉर्ना टेबलाच्या मधोमध बसली होती. टेबलावर मीठ नाही हे दिसताच ती सवयीनं उठली आणि तिघे फ्रिज एकदम ओरडले, "आत्या, बस!" ती बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

जेवायच्या आधी प्रत्येकानं आपण देवाचे कशाबद्दल आभार मानतो ते सांगायचं, ही आमच्याकडची रीत. मुलांनी टर्कीबद्दल मानले. लॉर्ना म्हणाली, "माझ्या नवऱ्याबद्दल. त्यानं शब्द दिला आणि पाळला." मी सद्गदित झालो. शिडीबद्दल चार शब्द बोलावेत म्हणून घसा साफ करून उभा राहिलो, पण मर्ल आधी उठला होता.

"देवा," मर्ल हात जोडून म्हणाला, "वेंडलनं त्या डावाला एकच नाणं लावलं, याबद्दल तुझे आभार. पाच लावली असती, तर त्याला हजार डॉलर मिळाले असते, आणि आपल्याला मरेपर्यंत त्याची पद्धत ऐकावी लागली असती."

सगळे 'आमेन' म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं लॉर्ना म्हणाली.