वाचनालयाच्या पायरीवरचा विजय

"अर्ध्या तासात मागणी पदरात पाडून घेते की नाही बघा!" सेक्रेटरी छातीठोकपणे म्हणाली.

सेक्रेटरी म्हणजे डाव्या पक्षाच्या विद्यार्थी संघटनेची कॉलेजातली प्रमुख. मागणी साधी होती: पाचला बंद होणारं वाचनालय नऊपर्यंत उघडं ठेवा. परीक्षा तोंडावर आलेली, सेक्रेटरीच्या घरी दोन खोल्यांत पाच माणसं. त्यातून वडिलांनी बजावलं होतं, "या वेळी नापास झालीस, तर शिक्षण बंद!"

मोर्चा निघाला. प्राचार्य बाहेर आले आणि म्हणाले, "मान्य. आजपासूनच."

संघटनेची पंचाईत झाली. अर्ध्या घोषणा अजून द्यायच्याच होत्या! त्या वाटेत देत सगळे वाचनालयाकडे निघाले.

दाराशी कर्मचारी पायऱ्या अडवून बसले होते. मधोमध सेक्रेटरीची सख्खी आत्या. ती वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची.

"आत्या, इथे का बसलीस?"

"संप आहे. नऊपर्यंत थांबा म्हणे! रोज माझ्या शेजारी जेवायला बसतेस, एकदा तरी विचारलंस? माझे गुडघे काय तुझ्या संघटनेचे सभासद आहेत?"

आता संघटनेचा पहिला धडा असा: संपावर बसलेल्या कामगाराला ओलांडून कधीही आत जायचं नाही. नव्या मुलांना तो सेक्रेटरीच शिकवायची. कोणाला समजला नाही, तर न चिडता पुन्हा शिकवायची. त्यामुळे दुर्दैवाने तो सगळ्यांना पाठ होता.

"दार तर उघडं आहे," खजिनदार हळूच म्हणाला.

"असू दे."

"मग आपण काय करायचं?"

"पाठिंबा द्यायचा."

"आपल्याच मागणीच्या विरोधाला?"

"खाली बस."

सगळे बसले. उघड्या दारातून पंख्याखालचं रिकामं टेबल दिसत होतं. सेक्रेटरी त्याच्याकडे उपाशी माणसाने भरल्या ताटाकडे बघावं तशी बघत होती.

तेवढ्यात प्राचार्य आले. "अहो, जा ना आत!"

"शक्य नाही, सर."

"मागणी कोणाची होती?"

"आमची."

"मग विरोध कोणाचा?"

"त्यालाही आमचाच पाठिंबा आहे," खजिनदाराने खुलासा केला.

प्राचार्यांनी दोन्ही बाजूंकडे पाहिलं. दोन्ही बाजू एकाच पायरीवर बसल्या होत्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वाचनालय पाचलाच बंद."

एकच जल्लोष झाला! पहिली घोषणा सेक्रेटरीने दिली. भोंगा तिच्याच हातात होता, इलाज नव्हता.

संध्याकाळी आत्या वेळेवर घरी आली. तिने पाय वर घेतले, टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. सेक्रेटरी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथे तर तो आणखी स्पष्ट ऐकू येत होता. वाचनालय नऊपर्यंत उघडं राहिलं असतं, तर आत्याही नऊपर्यंत तिकडेच असती आणि या घरातसुद्धा अभ्यास झाला असता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

ती बाहेर आली. "आत्या, जरा आवाज..."

"काय गं?"

सेक्रेटरीने विजयी कामगाराकडे पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली. "अभिनंदन."