बोरसे अण्णांचा लाल टॅग

आधी माझा गुन्हा सांगतो, मग अण्णांबद्दल. बोरसे अण्णांनी माझ्या गाडीच्या दाराच्या मुठीला बांधलेला लाल टॅग मी कात्रीने कापला. संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा, "वाऱ्याने पडला असेल," असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. पहिल्या चुकीने माझा आणि बायकोचा जीव जाता जाता राहिला. दुसरी चूक त्याहून वाईट होती, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

सरावलीतल्या आमच्या सोसायटीत सतरा गाड्या आहेत आणि त्यातली एकही अण्णांची नाही. त्यांना गाडी चालवताही येत नाही. तरी रोज सकाळी साडेसहाला हा माणूस टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये उतरतो आणि प्रत्येक गाडीखाली सरकवून ठेवलेला पुठ्ठ्याचा तुकडा बाहेर ओढतो. पुठ्ठा उजेडात धरायचा, डागाला बोट लावायचं, वास घ्यायचा. काळा डाग असेल तर इंजिन ऑइल. हिरवा असेल तर कूलंट. नुसतं ओलं असेल तर एसीचं पाणी, मग पुठ्ठा परत आत. त्यानंतर टायर. टायरला लाथ मारून हवा बघणाऱ्या लोकांबद्दल अण्णांना मनापासून तिरस्कार आहे. "गुरं हाय का ते, लाथ मारायला?" ते खाली बसून तळहाताने दाबतात, खाचांत बोट घालतात आणि काही खटकलं तर वायपरखाली चिठ्ठी ठेवतात. 'मागचा डावा, हवा कमी. बोरसे.' 'पुढचे वायपर रबर फाटले, पावसाआधी बदला. बोरसे.'

अण्णा मूळचे धुळ्याकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला. बायको नातवंडं सांभाळायला नाशिकला मुलीकडे असते. मुलगी त्यांनाही बोलावते. ते जात नाहीत. कारण विचारलं की पार्किंगकडे हात करून म्हणतात, "यांच्याकडं कोन बघंल?"

त्यांचं एक वाक्य सोसायटीत लहान मुलांनाही पाठ आहे. "गाडी आधी सांगते भाऊ, मग करते. आपन आइकत नाही." हे ते बॅटरीबद्दल म्हणतात, क्लचबद्दल म्हणतात, एकदा सेक्रेटरींच्या गुडघ्याबद्दलही म्हणाले होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाला गाडीतून उतरवलं. मुहूर्त तासावर आला होता, बँड सुरू झाला होता. अण्णांनी डिकी उघडायला लावली, स्टेपनी दाबली आणि ती अर्धवट भरलेली निघाली. हवा भरून येईपर्यंत नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारत पार्किंगमध्ये उभा. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण पुढच्या जाळीवर लावलेली झेंडूची अख्खी चादर त्यांनी ओढून काढली. वधूपक्षाच्या मामांनी विचारलं, "अहो, हे काय करताय?" अण्णा म्हणाले, "तुमच्या नाकात झेंडू कोंबला तर तुमी किती लांब जाल?"

अशा माणसाची नक्कल करायचा मोह कोणालाही होईल. मला झाला. गेल्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात मी पाच मिनिटं अण्णा झालो. 'घाटात ब्रेक गेला तर काय करावं' हे त्यांचं भाषण प्रत्येकाने जिन्यात अडकून ऐकलेलं होतं. मी हातात टॉर्च घेतला, पँट वर ओढली आणि सुरू केलं. "घाबरायचं नाही. किल्ली बंद करायची नाही, स्टिअरिंग जाम होईल. पेडल दाब-सोड, दाब-सोड. गिअर एक एक खाली. हँडब्रेक दमानं, बटन दाबून धर, एकदम ओढला तर गाडी फिरंल. आन डोंगराच्या अंगाला घे, दरीच्या नाही. दरीला आपली काय गरज?" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. ते हसले, आणि कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाले, "एक राहिलं भाऊ तुमचं. हॉर्न आन चारी लाइट."

आता त्या लाल टॅगचं. कारखान्यात मशीन बिघडलं की फिटर त्याच्या स्विचला लाल टॅग बांधतो. 'चालवू नये', खाली नाव. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, मग मालक स्वतः समोर उभा असला तरी. मी याच वसाहतीत दुसऱ्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. हा नियम मला शिकवायची गरज नाही. टॅग काढला म्हणून एका ऑपरेटरला तीन दिवस घरी बसवा, अशी शिफारस मी स्वतः सही करून दिलेली आहे.

अण्णा चिठ्ठ्या पुष्कळ लिहीत, पण टॅग त्यांनी सोसायटीत तोवर कधी बांधला नव्हता. त्या रविवारी बांधला, माझ्या गाडीला. आम्हाला बायकोच्या मामेबहिणीच्या साखरपुड्याला मनोरला जायचं होतं. सकाळी बेल वाजली तेव्हा मी दाढी करत होतो. "नंतर बघतो अण्णा," असं आतूनच ओरडलो. खाली आलो तर मुठीला टॅग. 'ब्रेक ऑइल गळते. मागचे उजवे चाक. चालवू नये. बोरसे.'

समोरचे दोघेतिघे गाड्या धूत होते. एक जण म्हणाला, "काय साहेब, गाडी सीक झाली का?" बाकीचे हसले. ज्या माणसाची मी नक्कल केली त्याच्यामुळे आता लोक मला हसत होते, आणि ते मला सोसलं नाही. सर्व्हिसिंग महिन्यापूर्वीच झालं होतं. मी गाठ सोडायला गेलो. ती सुटेना. नखं दुखली. मग वर जाऊन कात्री आणली, तोवर गाड्या धुणारे आत गेले होते.

बायको बसता बसता म्हणाली, "काय होतं हो ते?"

"अण्णांचं नेहमीचं."

पालघर ओलांडून वाघोबा खिंड चढलो. देवळापाशी सगळे थांबतात तसे थांबलो, हात जोडले. उतार लागला. दुसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल पार तळाला गेलं, जसा पाय चिखलात जावा. गाडी थोडी अडखळली आणि पुन्हा सुटली. पुढे दगडांनी भरलेला ट्रक.

त्या क्षणी मला देव आठवला नाही. माझ्या तोंडून माझीच नक्कल बाहेर पडली, अण्णांच्या आवाजात, अण्णांच्या हेलात. "घाबरायचं नाही. किल्ली बंद करायची नाही." बायकोला वाटलं मला वेड लागलं. "दाब-सोड, दाब-सोड. गिअर खाली." इंजिन किंचाळलं, वेग जरा मोडला. "हँडब्रेक दमानं, बटन दाबून धर." मी हॉर्न दाबला, चारी लाइट लावले. ट्रकवाल्याने आरशात बघितलं असावं, तो पुढे सरकला. मी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. डावा आरसा कातळाला लागून तुटला, चाकं गटारात उतरली आणि गाडी थांबली.

लाकडाची मोळी घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. मोळी खाली ठेवून त्याने एक मोठा दगड चाकाखाली सारला आणि म्हणाला, "आता नाय जायाची. उतरा बाय, भ्याव नका." बायको उतरली, रस्त्याकडेला बसली आणि पहिलं वाक्य बोलली. "तुम्ही अण्णांसारखं का बोलत होता?"

गाडी ओढून सालवडच्या गॅरेजला आणली. मेकॅनिकने मागचं उजवं चाक काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली. "साहब, ये तो कब से टपक रहा है. किसी ने बोला नहीं आपको?"

घरी आलो तर अण्णा पार्किंगमध्ये उभे. सेक्रेटरींकडून त्यांना कळलं होतं. बायको वर गेली. अण्णांनी आधी माझे दोन्ही दंड चाचपले, टायर चाचपतात तसे. मग म्हणाले, "टॅग दिसला नाही का भाऊ तुमाला?"

एवढी सोपी संधी होती. "वाऱ्याने पडला असेल," मी म्हणालो.

अण्णा स्वतःच्या हातांकडे बघत उभे राहिले, आणि मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी ते खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पहिल्या आठवड्यात लोकांना बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात एकाची बॅटरी बसली, एक जण गुळगुळीत टायरवर पावसात घसरता घसरता वाचला, आणि वायपर उचलून लोक चिठ्ठी शोधायला लागले. तिसऱ्या आठवड्यात बायको अण्णांना डबा द्यायला गेली ती परत येऊन दारातच थांबली.

"अण्णा नाशिकला चाललेत. कायमचे. म्हणाले, हात गेला आता. साधी गाठ बसत नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. "कुठली गाठ हो?"

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? खाली जा."

अण्णांच्या घरात मी आठ वर्षांत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. पलंगावर अर्धी भरलेली बॅग होती. खिडकीच्या गजांना वरपासून खालपर्यंत सुतळीच्या गाठी मारलेल्या होत्या, चाळीस-पन्नास तरी असतील. अण्णा स्टुलावर बसून आणखी एक मारत होते. बोटं थरथरत होती.

"या भाऊ. जरा वढून बघा बरं ही."

मी ओढली. गज हलला, गाठ हलली नाही.

"आज बसते," अण्णा म्हणाले. "तवाच कशी सुटली काय माहीत." मग गजाकडेच बघत बोलले. "कंपनीतून मला कोनी काढलं नव्हतं. दोन वर्सं बाकी होती. हात कापायला लागला, कोनाच्या ध्यानात नव्हतं आलं. मीच म्हटलं, माझ्या हातावर आता दुसऱ्याचा जीव नको. इथं गाड्या बघतो तर वाटायचं, आजून आपलं काही बिघडलं नाही. आन तुमी दोघं त्या घाटात." त्यांनी सुतळीचं टोक पुन्हा हातात घेतलं.

"अण्णा, गाठ सुटली नव्हती," मी म्हणालो. "मी कापली. कात्रीने."

ते वळले. "सुटली नव्हती?"

"नाही."

"कापायच्या आधी वढून बघितली होती?"

"बघितली. नखं दुखेपर्यंत. सुटेना म्हणून वर जाऊन कात्री आणली."

ते रागावतील असं मला वाटलं होतं, नव्हे, मला ते हवं होतं. पण अण्णांच्या चेहऱ्यावर दवाखान्यातून चांगला रिपोर्ट हातात पडलेल्या माणसाचं हसू आलं. त्यांनी गजावरची ती गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

"कात्री आनावी लागली म्हनता," ते स्वतःशीच म्हणाले.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी हे शब्द जड जातात, पण त्या दिवशी गेले नाहीत.

"अण्णा, टॅग कापला ते माझं चुकलं. तुमचं ऐकलं नाही, वर तुमच्यावरच ढकललं, ते त्याहून जास्त चुकलं. मला माफ करा."

"उठा भाऊ," म्हणत अण्णांनी बॅगेतला टॉर्च बाहेर काढला, "तीन आठवडे पुठ्ठे कोनी वढले नसतील."