झिपरोजीचं नाक आणि करकोच्यांचं घुंगरू

मुलांनो, हाताची घडी, तोंडावर बोट. एका जंगलात झिपरोजी नावाचं अस्वल राहत होतं. त्याला कंपवात झाला होता. पुढचा एक पंजा सारखा थरथरायचा.

त्याच जंगलात प्रोफेसर करकोचे नावाचे मोठे संशोधक होते. ते एका पायावर उभे राहून विचार करत, म्हणून सगळे त्यांना मान देत. त्यांची पद्धत सोपी होती. दुखऱ्या अवयवाला घुंगरू बांधायचं. वाजलं तर आजार, नाही वाजलं तर तब्येत ठणठणीत.

झिपरोजीचं घुंगरू छान वाजलं. करकोच्यांनी मुळी उगाळून दिली. पंजा शांत झाला, घुंगरू गप्प झालं. लगेच करकोच्यांचा सत्कार ठरला.

"पण सर," झिपरोजी म्हणाला, "मला वासच येत नाही हो. थरथर सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून येत नाही. मध शोधू कसा? पोट साफ होत नाही. मनही कशात लागत नाही."

"यातलं काही हलतं का?"

"नाही."

"मग कसला आजार? वय झालं तुमचं."

झिपरोजीची बायको सावळाबाई पुढे आली. "अहो प्रोफेसर, हे झोपेत वाघाशी लढतात नि लाथा मला बसतात! ते तरी हलणंच ना?"

"बाई, आमचं संशोधन दिवसा चालतं."

सत्काराला शाल आली, नारळ आला, मधाचं मडकं आलं. मडकं माकडांनी आणलं होतं. म्हणजे मध वाटेतच संपला होता आणि आत डबक्यातला कुजका गाळ होता. सगळ्यांनी नाकं दाबली. झिपरोजीनं मात्र हसतमुखानं पंजा बुडवून तोंडाकडे नेला.

सावळाबाईनं तो वरच्या वर धरला. तिला रडू फुटलं. "आता तरी पटलं का? असलं अस्वल जगायचं कसं?"

करकोच्यांनी दुसरा पाय खाली टेकला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. "चुकलं आमचं," ते म्हणाले. "उद्यापासून न हलणाऱ्या लक्षणांवर संशोधन!"

टाळ्या पडल्या. सावळाबाईनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी झिपरोजीच्या नाकाला घुंगरू बांधलं, पोटालाही बांधलं. मन सापडेना, म्हणून तिसरं गळ्यात अडकवलं. हललं की प्रयोग बिघडतो, म्हणून त्याला स्वस्थ बसवलं. करकोचे दिवसभर कान देऊन उभे होते. एकही घुंगरू वाजलं नाही. संध्याकाळी निकाल लागला. नाक, पोट, मन, सगळं उत्तम!

तेव्हापासून सावळाबाई मध हुंगते आणि झिपरोजी झाडावर चढतो. झोपायला तेवढी ती शेजारच्या गुहेत जाते.

तात्पर्य : आजारी पडायचंच असेल, तर संशोधकांना ऐकू येईल असंच पडावं. बाकीच्या दुखण्यांसाठी वेळेवर लग्न करून ठेवावं.